केसपेपरवरचं नागपूर

आषाढ लागला की आमचा बँड खुंटीला.
लाल कोट पेटीत, डांबरगोळ्यांच्या वासात,
ट्रम्पेटमध्ये कोळ्याचं घर.
पण यंदा पोळा फुटला आणि झिबल मास्तरांनी
बंद जिनिंगच्या शेडात सगळ्यांना बोलावलं,
खिशातून काढला केसपेपर, पाठकोरा.
त्यावर पेन्सिलीनं सारेगम,
मध्ये मध्ये चहाचे गोल डाग.

"लग्नाचं नाई," म्हणाले, "वरातीचंबी नाई.
हे नागपूर हाय. रातचं."

चौदा रात्री ते मेडिकलच्या व्हरांड्यात होते,
सत्यभामाबाई आत, बावीस नंबरच्या खाटेवर.
झोप येत नाही तर माणूस काय करेल?
मास्तर ऐकत बसले.

वासुदेवच्या ट्रम्पेटला दिला ऑटोचा भोंगा,
पण गिळलेला. "दवाखाना हाय बे, हळू."
शब्बीरच्या युफोनियमला अजनीवरून निघालेली मालगाडी:
एकच खालचा सूर, दम संपेस्तोवर,
मग पुतण्यानं तो उचलायचा,
डबे तुटू द्यायचे नाहीत.
साइड ड्रमवर पानठेल्याचं शटर.
क्लॅरिनेटवर स्वतः मास्तर, ॲम्ब्युलन्स:
लांबून चढत यायची
आणि दारापाशी पोचून मधेच तुटायची.

आणि माझी झांज?
"तुले एकच ठोका. तीन वाजता
वॉर्डात स्टीलचा ट्रे पडते.
सारे जागे होतात, अन् कोनीच बोलत नाई."

एका ठोक्यासाठी मी एकशे बारा मोजायचो.
वरातींत हजारो मारले असतील,
एकही आठवत नाही.
हा रोज माझ्या झोपेत पडायचा.

वाजवलं त्या रात्री लाइन गेलेली.
मोबाइलचे दोन उजेड, ऐकायला अकरा माणसं,
शेपूट आवरून बसलेलं एक कुत्रं,
आणि सरकीच्या जुन्या पोत्यावर सत्यभामाबाई,
कानावरून शाल.
बेडकांच्या मधून मालगाडी गेली.
सोयाबीनच्या ओल्या वासात शटर पडलं.
कोतवालाचा धाकटा, तीन वर्षं तिकडे हमाल,
डोळे मिटून म्हणाला, "बर्डी नाई आली पन."
कोणीतरी त्याला कोपर मारलं.

एकशे अकरा. एकशे बारा.
ट्रे पडला.
वाशावरची पारवं एकदम उडाली.
ती केसपेपरवर नव्हती.

टाळी कुणी वाजवली नाही.
मग सत्यभामाबाई म्हणाल्या,
"मले असं नाई आयकू आलं."

क्लॅरिनेट अजून मास्तरांच्या ओठाजवळ.

"गाडी नाई, शटर नाई. ट्रे तं रोजच पडे.
खिडकीखाली तुमी खोकत होते.
थोड्या थोड्या वेळानं.
खोकला आला का समजे, मानूस हाय अजून.
मंग डोळा लागे.
थे काहून नाई घेतलं?"

मास्तरांनी कागद उलटा केला, सुलटा केला.
पुढच्या बाजूला तिचं नाव, वय, वजन.
मागं कुठेच जागा नव्हती.
त्यांनी एकेका वाद्याकडे पाहिलं.
ट्रम्पेट फार उजळ. ड्रम फार कोरडा.
युफोनियममध्ये बसेल, पण त्याचं पोट मोठं,
खोकला दिवाणजीचा वाटेल.
शेवटी माझ्याकडे.

मी दोन्ही झांजा छातीशी धरल्या,
कडा जुळवल्या,
मधली हवा कोंडली, आणि घुमू न देता
एकदाच चिमटल्या.
खस्.
पितळेचा खोकला.

"हं," बाई म्हणाल्या, "जरासा ओला होता पन."

शेडाबाहेर जागलीला निघालेला कोणी
डुकरांसाठी घेतलेली बॅटरी फिरवत थांबला.
उजेड फटीतून आत आला,
युफोनियमवर वाकडा होऊन पडला.
"कोन हाय बे आत?"

उत्तर द्यायला मास्तरांनी तोंड उघडलं
आणि त्यांना खरंच खोकला आला.